वापसी, उणे चौदा नग

मामाजी, तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कर सल्लागारांचा फोन आला. आधी त्यांनी सासरे गेल्याबद्दल रीतसर दुःख व्यक्त केलं, सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, चौकशी केली. मग घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, ही वेळ नाही, मला कळतं. पण तुमच्या मालाची यादी समोर आहे म्हणून विचारतो. ते 'वापसी' अजून उणे चौदाच आहे ना?"

"हो, उणे चौदाच."

"वाढलं नाही?"

"आता कोण वाढवणार?" मी म्हणाले आणि मला हसू फुटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मध्येच त्याचं रडणं झालं, आणि ते बिचारे पलीकडून "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करत राहिले. त्यांना वाटलं त्यांनी मला रडवलं. त्यांचा काय दोष? दोन्ही कामं तुमचीच.

शोकसभेत लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. शिस्तीचा माणूस, वेळेचा पक्का, एका पैशाचा मिंधा नाही. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण ऐकताना मला वाटत होतं की हे कुणा भिंतीवरच्या फोटोबद्दल बोलताहेत. कॉम्प्युटरला "हा दीडशहाणा" म्हणणारा, पेनाच्या टोपणानं कीबोर्ड दाबणारा, आणि एका कोंबड्यासाठी सख्ख्या मुलाशी भर एसटीत भांडलेला माणूस त्यांना माहीतच नव्हता. तो मला माहीत होता. म्हणून बसले आहे लिहायला.

भद्रावतीच्या कारखान्यात तुम्ही सारी हयात स्टोअरकीपर म्हणून काढलीत. रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि आत्याबाईंना घेऊन गडचिरोलीला आमच्याकडे राहायला आलात. पंधरा दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले. तूरडाळ क-चार, मीठ क-सात. डब्यातून वाटीभर साखर काढली की बाजूला टांगलेल्या पुठ्ठ्यावर तारीख टाकून लिहायचं आणि शिल्लक मांडायची. सोळाव्या दिवशी आत्याबाई माझ्यापुढं हात जोडून उभ्या राहिल्या.

"बाई, ह्यायले तुह्या दुकानात घेऊन जाय. नाईतं मी माहेरी चालली." माहेरी त्यांचं कुणी उरलेलं नव्हतं, यावरून प्रसंग किती बाका होता ते मला समजलं.

दुकान माझं. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, पाईप, ताडपत्र्या, घरगुती राइस मिल. तुमचा मुलगा, म्हणजे आमचे मिलिंद, एसटीत कंडक्टर; त्यांना दुकानात बसायला सांगितलं तर गिऱ्हाइकाला "पुढं सरका" म्हणतील. तेव्हा तुम्ही आलात ते मला हवंच होतं. सासऱ्याला नोकरीवर ठेवणारी सून म्हणून चौकातल्या बायकांनी नावं ठेवली. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना हजर झालात आणि विचारलंत, "हजेरी कुठी लावाची?"

सॉफ्टवेअर तुम्हाला मीच शिकवलं. बिल कसं काढायचं, पैसे आले की पावती कशी टाकायची. आठवड्यात जमलं. मग एक दिवस चामोर्शीकडचा एक शेतकरी चार हजार सातशे साठचं बिल करून पाच हजार देऊन गेला. "राहू द्या, पुढच्या खेपेले पाहू," म्हणाला. तुम्ही पाच हजारांची पावती टाकली, आणि त्याच्या नावापुढं लाल अक्षरात उणे दोनशे चाळीस उमटलं.

"बाई, हे उणे काऊन आलं?"

"त्यायनं जास्तीचे देल्ले न मामाजी. पुढच्या बिलात वळते होतीन."

"होतीन तवा होतीन. आज तं उणे हाये."

"असू द्या न."

तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत. "आमच्या स्टोअरमंदी उणे आलं मंजे एक तं चोरी, नाईतं बाबूची चूक. तिसरं काई नसते."

मी हसून सोडून दिलं. तिथं माझं चुकलं. तुमच्यासमोर उणे सोडून निघून जाणं म्हणजे आत्याबाईंसमोर खरकटं ताट ठेवून जाण्यासारखं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

महिना संपला. कॉम्प्युटर सांगत होता तितकी रोकड गल्ल्यात नव्हती. दोन हजार नऊशे दहा रुपये कमी. मी तीनदा मोजलं. गल्ल्याच्या किल्ल्या दोन: एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मिलिंदना हळूच विचारलं, "मामाजीयले पैशाची काई अडचण हाये का? कोनाले द्याचे वगैरे?" ते नाही म्हणाले. मी भाजी ढवळत राहिले. खिडकीच्या पलीकडे ओट्यावर तुम्ही पेपर वाचत होतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गल्ल्यावर माझ्यापुढं एक निळी वही ठेवलीत आणि पाईप मोजायला मागं निघून गेलात. वहीत चौदा नावं होती. नाव, गाव, किती जास्तीचे दिले, किती परत केले, आणि पुढं सही. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा. बेरीज दोन हजार नऊशे दहा.

तुम्ही मागच्या खोलीत पाईप मोजत होतात आणि आकडे मोठ्यानं म्हणत होतात. मला कळत होतं की तिथं इतके पाईप नाहीत.

त्या दिवशी मला उठून मागं जायला हवं होतं. मी नाही गेले. मला इतकी लाज वाटली की मी ती सगळी रक्कम एका फटक्यात 'रोकड कमी' म्हणून टाकली, गल्ला जुळवला आणि पुढं एक अक्षर विचारलं नाही. चौदा जणांच्या नावापुढचं लाल उणे तुम्ही कसं घालवलंत, हेही नाही.

ते कळलं ते रिटर्न भरून झाल्यावर, कर सल्लागारांच्या पहिल्या फोननं.

"मॅडम, तुम्ही 'वापसी' नावाचा माल विकलाय. चौदा नग. पण खरेदी एकही दिसत नाही. हा माल येतो कुठून?"

मी फोन हातात धरून तुमच्याकडे वळले. "मामाजी, वापसी का हाये?"

तुम्ही इतक्या आनंदानं उठलात, जणू कुणी विचारायचीच वाट पाहत होतात. गिऱ्हाइकाला दोनशे चाळीस परत केले की तुम्ही नव्यानं एक बिल बनवत होतात. माल: वापसी. नग: एक. किंमत: दोनशे चाळीस. त्याबरोबर त्याच्या नावापुढचं उणे दोनशे चाळीस जाऊन शून्य. "पाह्य, कसं सफा झालं!" तुम्ही म्हणालात. गल्ल्यातले पैसे गेल्याची नोंद कुठंच नव्हती, विक्री उगाच वाढली होती, आणि जो माल जगात कधी कुणी बनवलाच नाही त्याचे चौदा नग आपण विकले होते. पण लाल अक्षर एक नव्हतं.

फोनवर मी हे सगळं सांगितलं.  मग ते म्हणाले, "सासऱ्यांना विचारा, आमच्या ऑफिसात येतील का?" तुम्ही मात्र ती तारीफ समजलात.

मग मी तुम्हाला बरोबर रीत दाखवली. जास्तीचे पैसे परत केले की नवं बिल करायचं नाही. पैसे दिल्याची नोंद करायची, त्यात गिऱ्हाइकाचं नाव निवडायचं, आणि ज्या पावतीत जास्तीचे आले होते त्या पावतीशी ती नोंद जोडायची. मग नावही शून्य होतं आणि गल्लाही जुळतो. तुम्ही ते पंपाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून कॉम्प्युटरच्या डोक्यावर चिकटवलंत. जुने चौदा नग मात्र राहिले ते राहिलेच.

त्यानंतर तुम्ही जास्त धोकादायक झालात. कारण आता परत करणं कायदेशीर होतं. दर शनिवारी तुम्ही उणे असलेल्या नावांची यादी काढायचे आणि रस्त्यानं कोण दिसतं ते पाहत बसायचे. चहाच्या टपरीवर उभ्या माणसाला हाक मारून तुम्ही साठ रुपये परत केलेत. एकाला लग्नाच्या वरातीतून बाजूला घेतलंत. तो नवरदेवाचा मामा होता.

आपला तंटा तेव्हापासूनचा. मी म्हणायची, लोक विश्वासानं ठेवतात, पुढच्या हंगामात कामी येतात, दुकानाशी नातं राहतं. तुम्ही म्हणायचे, "दुकान मंजे बँक नोहे बाई. जे आपलं नाई ते आपल्या वहीत काऊन?" मी म्हणायची, त्यांनीच सांगितलंय ठेवायला. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं: "कुठी लिहून हाये?"

आणि मग शेवंताबाई.

भामरागडच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत तिचं गाव. धाकटी बहीण गडचिरोलीला दवाखान्यात कामाला, तिच्याकडे वर्षातून दोन-तीनदा यायची. आली की दुकानात "जोहार" करून बसायची, एखादी ताडपत्री, पाईपचा तुकडा, पंपाचं वायसर घ्यायची, आणि दरवेळी बिलापेक्षा सात-आठशे जास्त द्यायची. "राहू दे बाई, तुह्याजवळ," एवढंच म्हणायची. तिचं बिल मीच करायची, तुमच्या हाती लागू द्यायची नाही. जाताना राइस मिलवर हात फिरवायची, जशी आपण दुसऱ्याच्या गाईवर फिरवतो. मला समजलं होतं. तिनं सांगितलं नव्हतं, पण समजलं होतं. गावात धान कांडायची मशीन नव्हती, बायका डोक्यावर पोती घेऊन लांब जायच्या. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नावाखाली 'टीप' म्हणून एक रिकामी जागा असते. तिथं मी एक ओळ लिहायला हवी होती. मी लिहिली नाही. तीन वर्षांत तिच्या नावापुढं उणे सहा हजार चारशे जमले.

त्या उन्हाळ्यात मी चुलत बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस चंद्रपूरला गेले. परत आले तर तुम्ही दारातच उभे. तोंडावर असं तेज, की मला वाटलं घरात बारसंबिरसं आहे.

"शेवंताबाईचं खातं शून्य करून आलो," तुम्ही म्हणालात.

"आलो मंजे? कुठून आलो?"

"तिच्या गावाहून. पावसाळा लागला का रस्ता बंद होते. चार महिने तिचे पैसे अडकून राह्यले असते न?"

मिलिंदच्याच गाडीनं गेला होतात. मुलाकडून ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट काढून. गावात शेवंताबाई घरी नव्हती, रानात गेली होती. नवरा होता. तुम्ही स्टोअरच्या नियमाप्रमाणं दोन साक्षीदार मागितले. पैसे देऊन वर सही मागणारा माणूस म्हटल्यावर आधी सगळ्यांना वाटलं, विम्याचा नाहीतर कर्जाचा काही डाव आहे. कुणी पुढं येईना. तुम्ही तासभर अंगणातल्या मांडवात उभं राहून जास्तीची रक्कम म्हणजे काय, पावती म्हणजे काय, आणि उणे असणं किती वाईट, यावर भाषण केलंत. शेवटी अर्धं गाव साक्षीला उभं राहिलं आणि तुम्ही सहा हजार चारशे रुपये मोजून शेवंताबाईच्या नवऱ्याच्या हातावर ठेवलेत. त्या माणसाच्या आयुष्यात इतकं गोड भाषण कुणी केलं नसेल. त्यानं तुम्हाला जेवू घातलं आणि निघताना एक कोंबडा दिला.

परतीच्या गाडीत मिलिंदनी कोंबड्याचं तिकीट फाडलं.

"सजीव हाये बाबा. तिकीट लागते."

"माह्यं अर्धं, अन् त्याचंबी अर्धं? तो का ज्येष्ठ नागरिक हाये?"

"पैसे द्या बाबा, मागं लोकं थांबले हायेत."

तुम्ही शंभराची नोट दिलीत. मुलाकडे सुट्टे नव्हते, त्यानं सवयीनं तिकिटामागं उरलेली रक्कम लिहून दिली आणि पुढं सरकला. त्यावर तुम्ही आलापल्ली येईस्तोवर साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत राहिलात, की किती माणसं असे पैसे विसरून उतरत असतील आणि त्यांचं उणे कोणत्या वहीत असतं. शेवटी ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि स्वतःच्या खिशातून सुट्टे दिले. आपल्या घरी बापलेक दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. कोंबडा तेवढा बोलायचा, पहाटे.

मी मात्र हे ऐकून हातातली पिशवी खाली ठेवली. "मामाजी, तुमी ते पैसे तिच्या नवऱ्याले देल्ले?"

"घरच्याच माणसाले देल्ले. दोन साक्षीदार हायेत."

पाऊस लागला, नदी चढली, रस्ता बंद झाला. धान कापणीला आलं तेव्हा कुठं शेवंताबाई दुकानात उगवली. त्या दिवशी जोहार केला नाही. सरळ तुमच्यापुढं येऊन उभी राहिली.

"पैसे कोनाचे होते?"

"तुमचे," तुम्ही म्हणालात.

"मंग मले इचारलं का?"

तुम्ही निळी वही काढायला गेलात. तिनं वहीवर हात ठेवला. "त्यानं साऱ्या पैशाचा गाण्याचा डब्बा आणला. एवढा मोठा. आमच्या गावात लाइन राहत नाई, अन् राह्यली का हा माणूस डब्बा लावते. कोंबड्या अंडे द्याच्या बंद झाल्या. तीन साल मी एकेक नोट लपवून आणली, भाऊ. घरी ठेवली का जात होती म्हनून इथी ठेवली. अन् तुमी गाव जमा करून त्याच्या हातात देल्ली!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हळूच बाहेर सटकली. मी तोंड उघडलं, पण तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. कारखान्यात साहेबासमोर उभे राहत असाल तसे उभे राहिलात. "चूक माही हाये," म्हणालात. खिशातून पेन्शनचं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलंत. "सहा हजार चारशे हायेत. मोजून घ्या."

शेवंताबाईनं पाकिटाकडे पाहिलंही नाही. "हे तुमचे हायेत. तुमचे मले कायले पाह्यजेत? माह्ये द्या."

मामाजी, तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आयुष्यभर जे तुम्ही जगाला सांगत आलात, ते कुणीतरी पहिल्यांदाच शब्दाला शब्द तसंच तुम्हाला सांगत होतं. तुम्ही पाकीट उचललंत, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा एसटीत बसलात.

नवऱ्याला तुम्ही काय सांगितलंत ते आम्हाला कधी कळलं नाही. मी विचारलं तर "समजावून सांगतलं" एवढंच म्हणायचे. पण दोन दिवसांनी तुम्ही परत आलात ते मांडीवर तो गाण्याचा डबा घेऊन. साडेपाच तास मांडीवर. या खेपेला मिलिंदनी लगेज लावलं आणि तुम्ही मुकाट्यानं भरलंत. लग्नात बाजा वाजवणाऱ्या एकाला तो चार हजार नऊशेला विकलात. उरलेले पंधराशे नवऱ्यानं मजुरीतून तीन हप्त्यांत पाठवले, आणि दरवेळी तुम्ही शेवंताबाईच्या नावापुढं उणे वाढताना पाहून समाधानानं मान हलवायचे. उणे पाहून खूश झालेलं तुम्हाला मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पैसे आले तशी ती आली, राहिलेली रक्कम भरली आणि राइस मिल घेऊन गेली. हिशोबात वीस रुपये जास्त झाले होते. तुम्ही नोट हातात धरून विचारलंत, "परत देऊ का ठेवू?" ती म्हणाली, "आता द्या. आता कोनापासून लपवाचं नाई." नवरा बाहेर गाडीत मशीन चढवत होता.

तेव्हापासून तुम्ही प्रत्येकाला विचारायला लागलात. परत का ठेवू? आणि मग आवाज खाली आणून, "कोनापासून लपवाचं हाये का?" मी डोक्यावर हात मारून घ्यायची. पण लोक सांगायचे, मामाजी! तुम्हाला सांगायचे. आणि तुम्ही ते टिपेत लिहायचे. परवा मी उणे नावांची यादी उघडून बसले होते. 'मोठ्या सुनेले सांगू नये.' 'भावाले सांगू नये, भाऊ दारू पेते.' 'पोरीच्या कॉलेजसाठी, जवाई आला तर खातं नाई म्हनावं.' 'हे गुरुजी आहेत, बायकोले सांगू नये, बायकोचेही आहेत ते गुरुजीले सांगू नये.' हे वाचून मी एकटीच खुदखुदत बसले. नवराबायको दोघंही आपल्याच दुकानात एकमेकांपासून पैसे लपवून होते, आणि तुम्ही दर महिन्याला दोघांना तोंड मिटून नमस्कार करत होतात.

मी तुम्हाला म्हणायची की हे असं लिहून ठेवू नका, कुणी वाचलं तर पंचाईत. तुम्ही म्हणायचे, "लिवलं नाई तं मी गेल्यावर कोनाले कसं कळन?" यावर आपलं शेवटचं भांडण झालं, तुम्ही जायच्या आदल्या आठवड्यात. अजूनही मला वाटतं माझंच बरोबर होतं. सगळ्या टिपा पुसून टाकायला पाहिजेत. मी एकही पुसलेली नाही.

आणि एक. तुम्ही ती खिडकीपलीकडची गोष्ट कधी काढली नाहीत. मीही नाही. पंधरा पावलं मागं येऊन "मामाजी, मी चुकली" म्हणायचं होतं. तुम्ही शेवंताबाईला ते एका दमात म्हणालात, भर दुकानात, मला ऐकू येईल असं. मला वर्षं पुरली नाहीत. मी तुमच्या आवडीचे वडे करायची, तुमचा चहा आधी आणायची, तुमच्या सहीशिवाय गल्ला बंद करायची नाही. तुम्हाला समजलं असेल, असं मी मानून चालले. पण तुमच्याच भाषेत सांगायचं तर ते कुठंच लिहून नव्हतं. आता लिहिते आहे. चोरी नव्हती, मामाजी. बाबूची चूक होती, आणि बाबू मी होते.

परवाच्या गोष्टीनं तुम्हाला हसू आलं असतं. तुम्ही गेलात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आमच्यातल्या कुणालाही बँकेत कळवायचं सुचलं नाही. महिनाअखेरी तुमच्या मोबाइलवर मेसेज आला, पेन्शन पूर्ण जमा. आत्याबाईंनी माझ्याकडून तो दोनदा वाचून घेतला.

"पूर्ण महिन्याचं?"

"हो."

"पण ते तं चारच दिवस होते."

 आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. "मंग बाकीच्या दिवसाचे आपले नाईत. चाल बँकेत."

तुम्ही जगलाच नाहीत त्या दिवसांचा हिशोब मी गल्ल्यावर बसून मांडला. दिवसाला किती, दिवस किती, वरचे पैसे किती. मृत्यूचा दाखला जोडला. बँकेत काउंटरवरचे साहेब गोंधळले. "अहो, कळवलंत ना, आता आम्हीच काढून घेऊ. तुम्ही कशाला तसदी घेतली? असं परत द्यायला कोणी येत नाही."

"तुमी काढान तवा काढान," आत्याबाई म्हणाल्या. "आमी आणून देल्ले, असं लिहून पाह्यजे."

साहेबांनी कुठूनतरी एक फॉर्म शोधून आणला. मी भरला. त्यांनी माझ्या कागदावरचे आकडे यंत्रावर ताडून पाहिले, एकदा, मग पुन्हा. भुवया वर करून म्हणाले, "पैशापर्यंत बरोबर आहे. तुमच्याकडे हिशोब कोण पाहतं?"

"मामाजी पाहतात," मी म्हणाले.

साहेबांनी दाखल्यावरचं नाव वाचलं, मग आम्हा दोघींकडं पाहिलं. आत्याबाईंनी मला दुरुस्त केलं नाही. त्या पावतीसाठी हात पुढं करून उभ्या होत्या.